२० सेकंदांचं उत्तर, ११ मिनिटांचा व्हिडिओ

मागच्या रब्बीत मामाच्या शेतातली मोटार ऐन पाण्याच्या वेळी बंद पडली. हरभऱ्याला पाणी चालू होतं, लाईट आलेली होती आणि ती किती वाजता जाणार हेही ठरलेलं होतं. गावातला वायरमन लग्नाला गेलेला. मोटार चालू-बंद करणारी पेटी, म्हणजे स्टार्टर, आपोआप बंद पडला होता (त्याला ट्रिप होणं म्हणतात). मामाने मोबाईल काढला आणि ‘स्टार्टर ट्रिप झाला तर काय करायचं’ असं मराठीत बोलून शोधलं. समोर ११ मिनिटांचा व्हिडिओ आला. पाहणारे लाखाच्या वर.

आधी संगीत. मग ‘नमस्कार शेतकरी मित्रांनो’. मग चॅनल सबस्क्राइब करा, घंटी दाबा. मग शेतीत पाण्याचं महत्त्व, मग मोटारींचे प्रकार, मधे जाहिरात, मग ‘व्हिडिओ शेवटपर्यंत पहा, शेवटी सगळ्यात महत्त्वाचं सांगणार आहे’. ९ मिनिटं ४० सेकंदांवर उत्तर आलं: स्टार्टर थोडा वेळ थंड होऊ द्या, मग लाल बटण पूर्ण आत दाबा, टक् असा आवाज येईल, मग हिरवं दाबा. पुन्हा ट्रिप झाला तर सारखं दाबत बसू नका, एखादा फेज (विजेच्या तीन तारांपैकी एक) गेला असेल किंवा मोटार जाम असेल, वायरमनला बोलवा.

सांगायला २० सेकंद लागले. मोटार सुरूही झाली. रात्री जेवताना मामाने मला विचारलं, “त्या माणसाला काम येत होतं रे. खरं तेच सांगितलं त्याने. मग एवढं ताणलं कशाला?”

हा प्रश्न मला फार नेमका वाटला. आपण सगळेच कुरकुरतो की व्हिडिओ पूर्वीसारखे राहिले नाहीत. नुसती ओरड, मोठाले लाल बाण, तोंडाचा आ केलेले फोटो, एकच बातमी वीस चॅनलवर. त्यावर दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, व्हिडिओ करणारे पैशाला हपापले. दोन, लोकांचीच आवड बिघडली. पण मामाच्या व्हिडिओतला माणूस जाणकार होता आणि मामाची आवड होती फक्त मोटार चालू करण्याची. दोघांपैकी एकाचाही दोष नसताना व्हिडिओ वाईट झाला. तेव्हा कारण दोघांच्या मधल्या जागेत शोधायला हवं.

पोतं मोजायचं की धान्य

आपल्याकडे ‘मापात पाप’ म्हणतात. ते म्हणणं खोटं मापटं वापरणाऱ्या व्यापाऱ्याबद्दल आहे. ऑनलाइन व्हिडिओंचं मापटं खोटं नाही, सेकंदापर्यंत अचूक आहे. पण त्यात मोजलं जातं ते पोतं किती उंच आहे एवढंच. आत धान्य किती आणि भुसा किती, हे त्या मापट्याला दिसत नाही. उंचीवर पैसे मिळत असतील तर भुसा भरणाऱ्याचं पोतं नेहमीच उंच राहणार.

चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण मांडलं. पुढे ते सगळीकडे वापरलं जाऊ लागलं: एखादं माप हेच एकदा ध्येय झालं की ते चांगलं माप राहत नाही. आपल्या शाळांत हे रोज दिसतं. मुलाला विषय कळला का हे पाहायला परीक्षा आली, मग मार्क हेच ध्येय झालं, मग गाईड आलं, आणि विषय न कळताही मार्क मिळू लागले. यूट्यूबवर हेच घडलं. फरक एवढाच की तिथे माप दर काही वर्षांनी बदलत गेलं आणि प्रत्येक मापाने आपापल्या जातीचा भुसा तयार केला.

यूट्यूब २००५ मध्ये सुरू झालं. त्यावरचा पहिला व्हिडिओ १९ सेकंदांचा आहे. संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभे राहून सांगतात की यांच्या सोंडा फार लांब असतात. संपलं. सांगण्यासारखं तेवढंच होतं म्हणून व्हिडिओ तेवढाच. त्या काळी कोणी लांबी मोजत नव्हतं आणि लांबीचे पैसेही नव्हते.

२००६ मध्ये गूगलने यूट्यूब १६५ कोटी डॉलरना विकत घेतलं आणि २००७ पासून निवडक लोकांना जाहिरातीतला वाटा मिळायला सुरुवात झाली. तेव्हाचं माप होतं व्ह्यूज, म्हणजे किती लोकांनी व्हिडिओ उघडला. उघडल्यावर लगेच बंद केला तरी उघडला हे खरंच. त्यामुळे सगळी मेहनत दारावर होऊ लागली: शीर्षक भडक, फोटो फसवा, आत काही नसलं तरी चालेल.

हे लक्षात आल्यावर २०१२ मध्ये यूट्यूबने माप बदललं. किती जणांनी उघडला याऐवजी किती वेळ पाहिला, म्हणजे वॉच टाइम, हे मुख्य माप झालं. विचार वाईट नव्हता. फसवा व्हिडिओ माणूस लगेच बंद करेल, चांगला असेल तर थांबेल, अशी त्यामागची अपेक्षा. कंपनीने दिवसाला १०० कोटी तास पाहिले जावेत असं उद्दिष्ट ठेवलं आणि २०१६ मध्ये ते गाठलंही.

आता याचा हिशोब मांडून पाहू. समजा एकाने स्टार्टरचं उत्तर एका मिनिटात दिलं आणि प्रत्येकाने ते पूर्ण पाहिलं. दुसऱ्याने तेच उत्तर दहा मिनिटांत दिलं आणि लोकांनी सरासरी चार मिनिटं पाहून कंटाळून सोडलं. पहिल्याच्या खात्यात माणशी एक मिनिट, दुसऱ्याच्या खात्यात चार. पहिल्याचा एकही प्रेक्षक निराश झाला नाही, दुसऱ्याचे बहुतेक निराश झाले, तरी वेळेच्या मापाने दुसरा चौपट पुढे.

नव्या माणसाला तर हे माप उंबऱ्यावरच अडवतं. २०१८ पासूनचा नियम असा की जाहिरातीतला वाटा हवा असेल तर १,००० सबस्क्रायबर हवेत आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं गेलेलं हवं. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. एका मिनिटाचे नेटके व्हिडिओ टाकणाऱ्याला ते दोन लाख चाळीस हजार वेळा पूर्ण पाहिले जावे लागतील. दहा मिनिटांचे टाकून चार मिनिटं रोखून धरणाऱ्याला ६० हजार वेळा पुरे. (शॉर्ट्ससाठी, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंसाठी, वेगळी वाट आहे, ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूजची.) गावातला एखादा हुशार वायरमन आपलं ज्ञान लोकांना द्यायला बसला, तर पहिल्या महिन्यातच त्याला कळतं की थोडक्यात सांगणं परवडणारं नाही.

त्यातच जुलै २०२० मध्ये आणखी एक बदल झाला. व्हिडिओच्या मधे जाहिरात घालायला पूर्वी व्हिडिओ किमान १० मिनिटांचा लागायचा, ती मर्यादा ८ मिनिटांवर आली. जाहिरातीच्या १०० रुपयांतले ५५ व्हिडिओ करणाऱ्याला मिळतात. मधली जाहिरात म्हणजे कमाईची आणखी एक फेरी. सहा मिनिटांत संपणारा विषय आठ मिनिटं काही सेकंदांपर्यंत का ओढला जातो, ते आता वेगळं सांगायला नको. पुढच्या वेळी एखादा व्हिडिओ उघडलात तर त्याची लांबी पहा. ८ मिनिटं ५ सेकंद, ८ मिनिटं १२ सेकंद, १० मिनिटं ३ सेकंद. हे आकडे आपोआप पडत नाहीत.

एका व्हिडिओपुरतं हे क्षुल्लक वाटेल. पण मामाने पाहिलेला व्हिडिओ एक लाख लोकांनी पाहिला आणि प्रत्येकाची ९ मिनिटं उगाच गेली असं धरा. ९ लाख मिनिटं होतात. म्हणजे १५,००० तास. म्हणजे ६२५ दिवस आणि ६२५ रात्री, एका माणसाच्या आयुष्यातून सलग. एका व्हिडिओमुळे.

थांबला म्हणजे आवडलं का?

आपण काय पाहायचं हे बऱ्याच अंशी आपण ठरवत नाही. २०१८ मध्ये यूट्यूबचे तेव्हाचे उत्पादनप्रमुख नील मोहन (२०२३ पासून तेच तिथले मुख्य कार्यकारी अधिकारी आहेत) यांनी सांगितलं होतं की यूट्यूबवर जो वेळ जातो त्यातला ७० टक्क्यांहून अधिक वेळ त्यांच्या यंत्रणेने सुचवलेल्या व्हिडिओंवर जातो.

ही सुचवणारी यंत्रणा, म्हणजे अल्गोरिदम, कसं काम करते याची ढोबळ कल्पना गूगलच्याच अभियंत्यांनी २०१६ च्या एका शोधनिबंधात दिली आहे. काम दोन टप्प्यांत होतं. पहिल्यांदा प्रचंड साठ्यातून तुमच्यासारख्या माणसाने पाहावेत असे काहीशे व्हिडिओ वेगळे काढायचे. मग त्यांची रांग लावायची, आणि रांग लावताना अंदाज करायचा की हा माणूस यावर किती वेळ थांबेल. ज्यावर जास्त थांबण्याची शक्यता, तो वर.

मोठ्या वाचनालयातला एक कर्मचारी डोळ्यांसमोर आणा. त्याने पुस्तकं वाचलेली नाहीत, पण कोण कोणतं पुस्तक घेऊन किती वेळ बाकावर बसला, याची अत्यंत बारीक नोंद त्याच्याकडे आहे. तुम्ही आत आलात की तो नोंदी पाहून पुस्तक हातात देतो. बहुतेक वेळा त्याचा अंदाज बरोबर येतो, म्हणून आपण त्याच्यावर विसंबतो. पण माणूस बाकावर का बसला होता, हे त्याला ठाऊक नाही. कोणी रमला असेल. कोणी रागाने वाचत असेल. कोणाचा डोळा लागला असेल. कोणी शेवटच्या पानावर उत्तर मिळेल या आशेवर बसून राहिला असेल.

मामा ९ मिनिटं ४० सेकंद थांबला कारण त्याचा हरभरा वाळत होता. यंत्रणेने नोंद केली की या प्रेक्षकाने व्हिडिओ जवळजवळ पूर्ण पाहिला. मामाची अगतिकता आणि भीमसेन जोशींचा अभंग ऐकताना लागलेली तंद्री, दोन्ही त्या नोंदवहीत एकाच रकान्यात जातात. माझ्या मते सगळ्या बिघाडाचं मूळ इथे आहे.

कंपनीला हे कळत नाही असं नाही. अधूनमधून ‘हा व्हिडिओ कसा वाटला’ असं विचारून एक ते पाच तारे मागितले जातात, आणि चार-पाच तारे मिळालेल्या वेळेलाच सार्थकी लागलेला वेळ धरायचा प्रयत्न होतो. प्रयत्न चांगला आहे. पण फार थोडे लोक ते भरतात, त्यामुळे बाकीच्यांनी किती तारे दिले असते याचाही पुन्हा अंदाजच करावा लागतो. शिवाय हे सगळं यंत्रणेच्या पोटात चालतं. व्हिडिओ करणाऱ्याला रोज सकाळी जो आलेख दिसतो तो असतो लोक कुठल्या सेकंदाला सोडून गेले याचा. तो त्या आलेखाकडे पाहूनच पुढचा व्हिडिओ करतो. उत्तर दिल्याबरोबर आलेख कड्यासारखा खाली कोसळतो, हे त्याने एकदा पाहिलं की पुढच्या वेळी उत्तर शेवटी जातं.

जिथे प्रेक्षक एकमेकांना सावध करू शकत होते ती एक जागा होती, तीही गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये यूट्यूबने नापसंतीचा आकडा लोकांना दाखवणं बंद केलं. ठरवून झुंडीने नापसंती देऊन लहान चॅनलना छळलं जातं, असं कारण दिलं गेलं. छळ खरा होता, हे मान्य. पण गाणी-गप्पांच्या व्हिडिओला तो आकडा नसला तरी चालतं. ‘गॅसची शेगडी कशी दुरुस्त करायची’ या व्हिडिओला मात्र तो आकडा म्हणजे धोक्याची पाटी होती. पाचशे जणांनी नापसंत केलंय म्हणजे काहीतरी गडबड आहे, हे उघडण्याआधी कळायचं. आता पाहून झाल्यावर कळतं, किंवा शेगडी उघडून बसल्यावर.

बैलाचे दात

बाजारात बैल घेताना आधी दात बघतात, चालवून बघतात, मग पैसे देतात. व्हिडिओत उलटं आहे. किंमत म्हणजे आपला वेळ, आणि तो दिल्याशिवाय माल कसा आहे ते दिसत नाही. आधी दिसतो फक्त थंबनेल, म्हणजे बाहेरचा फोटो, आणि शीर्षक.

अशा बाजारात काय होतं हे अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारगाड्यांच्या उदाहरणाने दाखवलं, आणि त्या विचाराबद्दल त्यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. घेणाऱ्याला चांगली गाडी आणि रद्दी गाडी यांतला फरक बाहेरून ओळखता येत नसेल, तर तो दोन्हींना एकच मधला भाव देऊ करतो. चांगली गाडी विकणाऱ्याला तो भाव परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. बाजारात रद्दीचं प्रमाण वाढतं, भाव आणखी पडतो, आणखी चांगले विक्रेते निघून जातात. कोणीही बाजार बुडवायला निघालेलं नसतं, तरी बाजार बुडतो.

हे आपल्याकडे कुठे दिसतं? सरकारी योजनांच्या व्हिडिओत. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजना सुरू झाली, महिना १,५०० रुपये. त्याआधीपासून पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरीचे ६,००० होतेच. ज्या घरात या पैशांवर किराणा ठरतो, त्या घरातली बाई हप्ता कधी येणार हे रोज शोधते. आणि तिला रोज नवा व्हिडिओ सापडतो: ‘आत्ताची मोठी बातमी’, ‘आज दुपारी खात्यात जमा’, फोटोत नोटांची बंडलं, लाल गोल, एखाद्या मंत्र्याचा चेहरा. आत आठ मिनिटं बोलून झाल्यावर निष्पन्न होतं की तारीख अजून जाहीर झालेली नाही. खरी माहिती एका ओळीची असते: तारीख ठरलेली नाही. प्रामाणिकपणे ही ओळ सांगणाऱ्याचा व्हिडिओ कोण उघडणार? शेजारच्या फोटोवर ‘आज दुपारी’ लिहिलेलं असताना?

मला यातली सर्वांत वाईट गोष्ट ही वाटते की फसवणूक गरजेच्या प्रमाणात वाढते. ज्याला माहिती सगळ्यात जास्त हवी, तो सगळ्यात जास्त वेळा उघडणार, म्हणून त्याच्याच वाट्याला सगळ्यात जास्त भुसा. पीकविमा, हवामान, नोकरभरती, निकालाच्या तारखा, दुर्धर आजारांवरचे घरगुती उपाय, सगळीकडे हेच.

डिसेंबर २०२४ मध्ये यूट्यूबने खास भारतासाठी जाहीर केलं की शीर्षकात किंवा थंबनेलमध्ये जे वचन दिलं ते आत नसेल, विशेषतः बातम्यांच्या बाबतीत, तर असे व्हिडिओ काढले जातील. भारतासाठी वेगळं जाहीर करावं लागलं, यातून इथली अवस्था कळते.

६० सेकंदांत घाई

कोणी म्हणेल, लांबण नको म्हणूनच तर शॉर्ट्स आणि रील्स आले. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

ही लाट भारतात आली त्याला एक तारीख आहे. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने रील्स आणलं आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी भारतापासून सुरू केली. रिकामी झालेली जागा भरायची होती. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यापासून डेटा स्वस्त झालेला होताच. जो माणूस पूर्वी एक व्हिडिओ शोधून पाहायचा, तो आता बोट वर सरकवत राहू शकत होता.

इथे माप पुन्हा बदललं. लांब व्हिडिओत प्रश्न असतो किती वेळ थांबला, इथे प्रश्न असतो बोट सरकवलं की नाही. पहिल्या एक-दोन सेकंदांत पकड बसली पाहिजे. व्हिडिओ करणारे त्याला ‘हुक’ म्हणतात. म्हणून सुरुवात किंचाळून, भांडणातून किंवा अर्धवट वाक्यातून. शेवट असा कापायचा की तो पुन्हा सुरुवातीला जुळेल आणि माणूस नकळत दुसऱ्यांदा पाहील. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला की व्ह्यू धरला जातो, किमान किती सेकंद पाहावा अशी अट उरलेली नाही. (पैसे मोजताना मात्र वेगळा, कडक आकडा धरतात.) २००७ चं माप फिरून परत आलं.

लांबण गेली, पण तिच्याबरोबर दुसरंही काही गेलं. मोदकाची उकड किती वेळ झाकून ठेवायची, ती फाटते का, फाटली तर काय करायचं, हे ४० सेकंदांत दाखवता येत नाही. ४० सेकंदांत दाखवता येतो तो तयार मोदक, त्यावर सोडलेली तुपाची धार आणि मागे गाणं. डोळे सुखावतात. दुसऱ्या दिवशी करायला घेतलं की उकड फाटते.

आकड्यांवर किती विसंबायचं याचा एक धडा २०१६ मध्येच मिळालेला होता. फेसबुकने तेव्हा कबूल केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो हा आकडा ते दोन वर्षं फुगवून सांगत होते, कारण तीन सेकंदांच्या आत सोडून जाणाऱ्यांना हिशोबातच धरलं नव्हतं. फुगवटा ६० ते ८० टक्क्यांचा असू शकतो असं जाहिरातदारांना सांगितलं गेलं होतं. त्याच काळात अमेरिकेतल्या अनेक वृत्तसंस्थांनी लिहिणाऱ्या पत्रकारांना काढून व्हिडिओवर भर दिला होता.

आणि आता एआय. यंत्राकडून संहिता लिहून घ्यायची, यंत्राच्याच आवाजात वाचायची, कुठून तरी घेतलेली चित्रं सरकवायची, दिवसाला दहा व्हिडिओ. इंग्रजीत अशा मालाला ‘स्लॉप’ म्हणू लागलेत, म्हणजे डुकरांपुढे ओततात ते खरकटं. त्यांचे मराठी उच्चार ऐकले की लगेच कळतं: ‘च’चे दोन उच्चार असोत की ‘ज’चे, दोन्ही एकसारखेच, आणि ‘चमचा’ हिंदीसारखा. जुलै २०२५ मध्ये यूट्यूबने एकसारख्या, घाऊक बनवलेल्या व्हिडिओंना पैसे न देण्याचा आपला जुना नियम नव्या शब्दांत मांडला. पण मूळ गणित तसंच आहे. भुसा भरायला पूर्वी निदान मेहनत लागायची. आता ती लागत नाही, आणि मापटं अजून पोत्याचीच उंची मोजतं.

मराठीत हे जास्त का टोचतं

जाहिरातदार भाव ठरवतो तो पाहणाऱ्याच्या खिशावरून. तो कुठल्या देशात आहे, काय विकत घेऊ शकतो, यावरून हजार व्ह्यूजचे किती मिळणार ते ठरतं. दिवाळीच्या आधी भाव चढतो, जानेवारीत पडतो. अमेरिकेतल्या प्रेक्षकाच्या तुलनेत आपल्याकडचा भाव फार कमी. म्हणजे तेवढेच पैसे मिळवायला मराठी माणसाला कितीतरी जास्त व्हिडिओ टाकावे लागतात. चार दिवस खपून एक चांगला व्हिडिओ करणं म्हणजे तीन दिवसांची मजुरी सोडणं. तरीही काही जण करतात. किल्ल्यांवर पायी फिरून तटबंदी दाखवणारे, जुन्या आजींकडून वऱ्हाडी आणि मालवणी पदार्थ शिकून घेणारे, मातीपरीक्षणाचा अहवाल ओळ न् ओळ समजावणारे. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि मापाने त्यांना दर आठवड्याला शिक्षा होते याचं वाईट वाटतं.

दुसरं कारण त्याहून गंभीर आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला वाईट व्हिडिओ लागला तर तो सोडून देतो आणि लेख शोधतो, कंपनीचं माहितीपत्रक उघडतो, पुस्तक मागवतो. स्टार्टर कसा दुरुस्त करायचा, मधुमेहाच्या गोळीबरोबर काय खाऊ नये, वारसनोंद कशी लावायची, याबद्दल साध्या मराठीत लिहिलेलं किती सापडतं? थोडं. त्यामुळे लाखो मराठी घरांत व्हिडिओ हेच पुस्तक, तोच वायरमन आणि तोच तलाठ्याचा मदतनीस झाला आहे. ज्यांना वाचणं जड जातं अशा थोरामोठ्यांसाठी तर आवाज हे फार मोठं वरदान होतं. माझी आजी शाळेत गेली नव्हती, पण शेवटच्या वर्षांत ती मोबाईलवर कीर्तनं लावून बसायची आणि पॉझ करून मला अर्थ सांगायची. जिथे दुसरी वाट नाही तिथे हीच वाट बुजवली जाते आहे.

चित्र मात्र दरवर्षी स्वच्छ होत गेलं. २००५ च्या धूसर चौकटीपासून आज आपण पानावरचा दवबिंदू मोजता येईल अशा चित्रापर्यंत आलो. दर्जा म्हणजे चित्राची स्पष्टता असेल, तर व्हिडिओ कधी नव्हते इतके उत्तम आहेत.

मामाला हे सगळं मी एवढ्या विस्ताराने सांगितलं नाही. पण त्याच्या मोबाईलवर तीन-चार गोष्टी करून दिल्या. नको असलेल्या व्हिडिओशेजारच्या तीन टिंबांवर दाबून ‘हे चॅनल सुचवू नका’ निवडायला शिकवलं; मुकाट्याने सोडून देण्यापेक्षा यंत्रणेला हे स्पष्ट कळतं. पाहिल्याचा इतिहास बंद केला. २०२३ च्या ऑगस्टपासून तो बंद असेल आणि आधीचाही फारसा नसेल, तर पहिल्या पानावर सुचवलेले व्हिडिओच दिसत नाहीत आणि माणूस जे हवं तेच शोधतो. काही व्हिडिओंखाली वर्णनात बोललेलं सगळं लिखित स्वरूपात मिळतं, ते उघडून थेट हव्या त्या ओळीवर कसं जायचं ते दाखवलं. योजनेचा हप्ता आला का, हे व्हिडिओत न शोधता बँकेच्या मेसेजमध्ये पाहायचं, हे मामीला पटलं.

आणि एक सवय आम्ही दोघांनी लावून घेतली. त्या स्टार्टरच्या व्हिडिओखाली मामाने आपलं उत्तर टाकलं. त्याला टाइप करता येत नाही, बोलून टाकलं, म्हणून शुद्धलेखन जरा इकडेतिकडे आहे: ‘९:४० ला ऊत्तर आहे. लाल बटन पुर्न दाबा मग हीरवे. परत पडला तर वायरमन बोलवा.’ मी परवा पाहिलं, त्याखाली बाराजणांनी धन्यवाद लिहिलं आहे. एकाने विचारलंय, ‘काका, हिरवं दाबूनही चालू होत नाही, नुसता आवाज येतो, काय करू?’ मामा त्याला उत्तर देतोय.